साडेतीनशेवर अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुनं काचेचं भांडं आहे. सध्या मुक्काम एका परक्या फ्रीजमध्ये, दुधाच्या बाटलीशेजारी. आज चौथा दिवस. भांडं म्हटलं तरी माझं सारं आयुष्य बायकांच्या हातांत गेलं, त्यामुळे मी बोलते बायकांसारखी. तेवढं चालवून घ्या.

फ्रीजमध्ये दिवा असतो, पण तो दार उघडल्यावरच लागतो. दार उघडतो तो केंट. उंच, खांदे पडलेला माणूस. मी सोमवारी आले तेव्हापासून अंगात तोच चौकटींचा शर्ट आहे. त्याची बायको बेथ शनिवारी वारली. केंट दार उघडतो, माझ्याकडे बघतो आणि दार लावून टाकतो. कालपासून असं नऊ वेळा झालं. माझ्या पोटातलं अन्न जसंच्या तसं आहे. हा माणूस खाणार की नाही, या एकाच प्रश्नाने माझा जीव टांगणीला लागला आहे. उत्सुकता हा माझा जुना दुर्गुण. पण अंधारात दुसरं कामही नाही, म्हणून तोवर माझी हकिगत सांगते.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून तिचा लालभडक लोळ साच्यात ओतला, वरून दाबला आणि मी चौकोनी झाले, चार बोटं खोल, दोन्ही बाजूंना धरायला कान. कारखान्यातल्या एका माणसाने मला नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही टिकेल." तेवढीच काय ती माझी जन्मपत्रिका. मग कागदाच्या कपट्यांत गुंडाळून मी अमेरिकेतल्या मिनेसोटात आले आणि एका लग्नात आहेर म्हणून हेल्गा नायगार्डच्या हाती पडले.

हेल्गा शेतकऱ्याची बायको. हाताने दणकट, बोलायला चिक्कू. तिच्या हातचं हॉटडिश पंचक्रोशीत नावाजलेलं. खाली खिमा आणि कांदा, त्यावर घेवड्याच्या शेंगा, डब्यातलं मशरूमचं दाट सूप, आणि सगळ्यात वर बटाट्याच्या कापांचा थर. हा थर कडेने तांबूस झाला की हेल्गा मला ओव्हनमधून काढायची, टॉवेलात गुंडाळायची आणि गाडीत मांडीवर घेऊन निघायची.

निघायची म्हणजे कुठे, तर ज्या घरी वाईट झालंय त्या घरी. आमच्याकडची रीतच तशी. कुणाच्या घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं, की केकची भांडी जातात. ती मोठी मिरवणारी. आजारपण आलं, अपघात झाला, माणूस गेलं, की आम्ही जातो. आमच्या बुडाला चिकटपट्टी असते आणि पट्टीवर शाईने मालकिणीचं नाव असतं. घरच्यांनी खावं, भांडं धुवावं आणि चर्चच्या तळघरातल्या ओट्यावर आणून ठेवावं. रिकामं मात्र आणू नये. तुमच्या घरीही शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नसतील. आणि एक गोष्ट कुणी म्हणजे कुणी करायची नाही, ती म्हणजे भांडं मागायचं नाही. आमची माणसं इतकी भिडस्त, की ताटातला शेवटचा तुकडाही कुणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतील, मग त्याचा अर्धा, आणि शेवटी नखाएवढा कपटा संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहील. ही माणसं भांडं कुठून मागणार?

चर्चचं ते तळघर माझं माहेर म्हणा ना. वर उपासनेची जागा आहे म्हणतात, रंगीत काचा आहेत, क्रूस आहे. मी वर कधी गेले नाही. भांड्यांचं वर काय काम? पण जमिनीतून आवाज खाली यायचे. आधी ऑर्गन, मग गाणं, मग बराच वेळ शांतता. मी ओट्यावर बसून विचार करायची, की वर असं आहे तरी काय? माणसं सुजलेले डोळे घेऊन जिना चढतात आणि उतरली की कॉफी मागतात. त्यांच्या घरी जाऊन मी बघितलेलं असायचं. रिकामी खुर्ची, खुंटीवरचा कोट, कुणी न उघडलेलं टपाल. त्यातलं काहीच तर बदललेलं नसे. मग हा फरक कशाने पडतो? मी प्रत्येक घरी कान देऊन बसायची, पण तिसऱ्या दिवशी धुऊन परत. उत्तर कधी हाती लागायचं नाही.

हेल्गाची एकुलती एक मुलगी मार्लिस. पाच वर्षांची असताना तिने मला उचलायचा हट्ट केला आणि माझा कोपरा चुलीच्या कडेवर आपटला. टवका उडाला. त्यावर तिचं बोट कापलं, रक्त आलं, तिने घर डोक्यावर घेतलं. हेल्गाने बोट बघितलं, मला बघितलं आणि म्हणाली, "भांडं फुटलं नाही, बोट तुटलं नाही. चला, हात धू." तो टवका अजून माझ्या अंगावर आहे.

मग आर्डिसची गोष्ट आली. आर्डिस टोलेफसन म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची सेनापती. जीभ कात्रीसारखी. कुणाची कॉफी पातळ, कुणाचा केक बसका, हे ती तोंडावर सांगायची. तिचा मुलगा लाइल एकोणीस वर्षांचा होता. मक्याच्या कोठारात उतरला, दाणा पायाखालून सरकला आणि पोरगा त्यात गाडला गेला. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

हेल्गा मला घेऊन आर्डिसच्या दारात उभी राहिली. शेजारी दहा वर्षांची मार्लिस. दार उघडलं. हेल्गाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि मला पुढे करून म्हणाली, "साडेतीनशेवर अर्धा तास." बस. ओव्हन किती अंशांवर आणि किती वेळ, सांत्वनाचे शब्द एवढेच. मला तेव्हा तिची लाजच वाटली होती.

आर्डिसने तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती एकटी स्वयंपाकघरात आली, मला बाहेर काढलं आणि ओव्हन न पेटवता, उभ्या उभ्या, मोठ्या चमच्याने गारढोण हॉटडिशचा एक घास खाल्ला. मग रडली. मग दुसरा घास खाल्ला. माझ्या पोटात तिचे अश्रू पडले, म्हणजे मीठ थोडं जास्तच झालं असणार. पण त्या बाईने त्या दिवशी जगायचं ठरवलं, हे मी माझ्या अंगावर अनुभवलं आहे.

तिने मला घासून पुसून लख्ख केलं. परत द्यायला म्हणून दोनदा टॉवेलात गुंडाळलं आणि दोनदा सोडलं. शेवटी वरच्या फडताळात ठेवून दिलं. आणि मी तिथे वर्षानुवर्षं पडून राहिले, मित्रांनो. अंधार, धूळ आणि शेजारी एक फुटकी चहादाणी. माझी चूक काय, हे मला कळेना. हेल्गा मला विसरली? की आर्डिस? पण हेल्गा विसरली नव्हती. ती दर गुरुवारी दुपारी यायची, विणकाम घेऊन बसायची, तासाभराने जायची. बोलणं जवळजवळ नाहीच. फडताळाच्या फटीतून मी तिचा हात ओळखायची. एकदाही तिने विचारलं नाही, "माझं भांडं कुठे आहे?"

पुढे केव्हातरी गावात एक मयत झालं, आर्डिसकडे भांडं कमी पडलं आणि तिने मला खाली काढलं. आता परत करायला फार उशीर झाला होता. एवढ्या वर्षांनी काय तोंडाने परत करणार? आणि दुसऱ्या बाईचं नाव खरवडून टाकायलाही तिचा हात धजेना. मग तिने काय केलं, तर हेल्गाच्या पट्टीवरच स्वतःच्या नावाची रुंद पट्टी चिकटवली. मी पुन्हा कामाला लागले. तळघरातल्या ओट्यावर हेल्गाने मला पाहिलं. टवक्यावरून बोट फिरवलं, बुडावरचं आर्डिसचं नाव वाचलं, गालात हसली आणि कॉफी प्यायला गेली. ही गोष्ट तिने मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही.

हेल्गा गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीत ऑर्गन वाजवला तो मार्लिसनेच. ती आता चर्चची ऑर्गनवादक होती. चाळिशीला आलेली, हसतमुख, पाय पेडलवर नाचवणारी. मूलबाळ नव्हतं. नवरा रॉली. रॉलीला मासेमारीचं वेड. हिवाळ्यात तळं गोठलं की तो त्यावर आपली लाकडी खोपटी नेऊन ठेवायचा आणि बर्फाला भोक पाडून तासन्‌तास बसायचा. त्या साली ती खोपटी परत आणायची राहिली. आज आणतो, उद्या आणतो करत मार्च उजाडला. मार्चच्या बर्फाचा भरवसा नसतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. रॉली म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे," आणि पिकअप घेऊन तळ्यावर गेला.

माणसं तळ्यावर शोध घेत होती तेव्हा आर्डिस मला घेऊन मार्लिसच्या दारात आली. गावभर कात्री चालवणारी ही बाई, पण त्या दारात तिची जीभ टाळ्याला चिकटली. शेवटी ती म्हणाली, "साडेतीनशेवर अर्धा तास."

मार्लिसने मला घेतलं. "रॉली आला की खाईल," ती म्हणाली. "गारठलेला असेल." तिने ओव्हन अगदी मंद ठेवला आणि मला आत सरकवलं. दर थोड्या वेळाने ती काचेतून डोकवायची. मी तिचा चेहरा आतून बघायची. दुपार गेली, रात्र गेली. सकाळी माणसं टोप्या हातात घेऊन आली तेव्हा माझ्या कडा जळून कोळसा झाल्या होत्या. तिने ओव्हन बंद केला आणि मला आपल्या घराच्या तळघरातल्या फळीवर नेऊन ठेवलं. धुतलं नाही. तिच्या नवऱ्यासाठी राखून ठेवलेला तो शेवटचा घास होता. तो खरवडून टाकायचा कसा?

पुढच्या चार दिवसांत तिच्याकडे आणखी तेरा भांडी आली. ती सगळी धुऊन परत गेली. मी राहिले.

त्यानंतर मार्लिसने ऑर्गनला हात लावला नाही. चर्चला जाणंही सोडलं. भेटायला येणाऱ्यांचं बोलणं मला वरून ऐकू यायचं. एक बाई म्हणाली, "देवाला त्याची गरज होती गं. तो जास्त चांगल्या ठिकाणी आहे." मार्लिस म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात काय वाईट होतं त्याला?" मग येणारी माणसं कमी झाली. चर्चचे पास्टर येऊन गेले. तेही शहाणे, कॉफी प्याले, प्रार्थना म्हणू का विचारलं. ती "नको" म्हणाली, तसे गुपचूप तिच्या अंगणातला बर्फ लोटून गेले.

आणि चर्चमध्ये? हे मला पुढे कळलं. त्यांनी दुसरा वादक आणलाच नाही. ऑर्गनशिवाय गायचे. सूर दर कडव्याला खाली घसरायचा, शेवटच्या कडव्याला तर पुरुष माणसं घशातल्या घशात गुरगुरायची. पण ऑर्गनच्या बाकावर कुणी बसलं नाही. तिला 'ये' असंही कुणी म्हटलं नाही. न मागायची रीत ना आमची! मला कधी कधी त्या रीतीचा संताप येतो. मार्लिस दिवसेंदिवस अबोल होत चालली होती. दुपारी बारापर्यंत पडदे सरकवल्याचा आवाज यायचा नाही. मी फळीवर बसून मोजायची, आज किती वेळ तिच्या पावलांचा आवाज आला. ही बाई हळूहळू विझते आहे, हे मला दिसत होतं, आणि मी एक जळकं भांडं. मी काय करणार?

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला. घर तापवायची भट्टी सुरू करायला मार्लिस तळघरात उतरली. फळीवर हात टेकला तो नेमका माझ्या कानावर. तिने मला बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला वर नेलं, मोरीत ठेवलं, खाण्याचा सोडा घातला आणि कढत पाणी ओतलं. सुरीने कडा खरवडताना ती मोठमोठ्याने रडत होती. अशी रडलेली मी तिला रॉली गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकली. त्या कढत पाण्यात माझ्या बुडाची वरची पट्टी सुटली आणि पाण्यावर तरंगू लागली. मार्लिसने मला उलटं केलं. खाली जुनी पट्टी होती, पिवळी पडलेली. तिच्या आईचं वळणदार अक्षर. हेल्गा नायगार्ड.

मग तिचं बोट टवक्यावर गेलं. ती तशीच थबकली.

तिने कोट चढवला, मला ओल्यालाच काखेत मारलं आणि सरळ आर्डिसचं घर गाठलं. आर्डिस टेबलाशी बटाटे सोलत होती. आता सत्तरी उलटलेली, नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली, पण सुरी अजून तशीच चालायची.

"आर्डिस, ही पट्टी माझ्या आईची आहे."

आर्डिसने चष्म्यावरून बघितलं. "हो."

"आणि हा टवका माझा आहे. मी पाडलाय."

"तेही माहीत आहे."

"मग हे तुमच्याकडे कसं आलं?"

"चोरलं." आर्डिसने सुरी खाली ठेवली. "म्हणजे परत दिलं नाही. एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी त्याला चोरीच म्हणतात. बस, कॉफी टाकते."

मार्लिस बसली नाही. "आणि वर स्वतःचं नाव लावलंत? निदान आईचं काढून तरी टाकायचं होतं."

"दुसऱ्या बाईचं नाव खरवडून काढू?" आर्डिस खवळली. "मी काय चोर आहे?"

मार्लिसला हसू फुटलं. सात महिन्यांनी. ते ऐकून तीच इतकी दचकली, की तिने तोंडावर हात ठेवला आणि मटकन खुर्चीत बसली. आर्डिसने कॉफी पुढे केली. आणि मग तिने सगळं सांगितलं. कोठार, चौथ्या दिवसाचा तो गार घास. कुणालाच न सांगितलेलं.

"भांडं परत केलं असतं ना, तर लाइलचं सगळं आवरून झालं, असं झालं असतं," ती म्हणाली. "मला आवरायचं नव्हतं."

"मलाही नाही," मार्लिस म्हणाली.

"मग नको आवरूस. घाई कुणाला आहे?"

मी टेबलावर कान टवकारून बसले होते. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते आज ऐकायला मिळणार, असं माझं मन सांगत होतं.

"पण तुमचा विश्वास कसा टिकला, आर्डिस? मला प्रार्थनाच येत नाही आता. तोंड उघडलं की नुसता राग बाहेर पडतो."

"टिकला कुणी सांगितलं? गेला होता. दोन वर्षं मी मागच्या बाकावर ओठ शिवून बसले. एक ओळ गायली नाही. बाकीचे माझ्या वाटणीचं गायचे. तुझी आई माझ्या शेजारी बसून प्रार्थना म्हणायची, मुद्दाम जरा मोठ्याने." आर्डिसने नाक पुसलं. "अगं, प्रार्थनाही हॉटडिशसारखीच. आपल्याच्याने होत नाही तेव्हा शेजारीण करून आणते. आपण फक्त दार उघडायचं."

"आणि राग?"

"धर की. बायबलातली स्तोत्रं उघडून बघ, निम्मी माणसं देवाशी भांडतायत. पण भांडायचं ते त्याच्या तोंडावर. घरी पडदे लावून कसलं भांडण?"

मार्लिसने माझ्या टवक्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे हे कधी तरी भरून निघतं?"

"नाही," आर्डिस म्हणाली. "मी तुला खोटं सांगणार नाही. प्रभू येशू कबरेतून उठून आला ना, तेव्हा हातांना खिळ्यांची भोकं तशीच होती. बुजवून नाही आला. मी त्याच एका गोष्टीला धरून आहे. मेलेलं उठतं, पोरी. पण खुणांसकट उठतं." मग तिने सुरी उचलली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी येईन तुझ्याकडे."

"कशाला?"

"बसायला. आणि भांडं घेऊन जा. तुझंच आहे."

मित्रांनो, मला वाटलं, आता मार्लिस रविवारी चर्चमध्ये जाणार, ऑर्गन दणाणणार. तसं काही झालं नाही. नाताळ आला आणि गेला. माणसं भट्टीतल्या काचेसारखी नसतात, साच्यात ओतली आणि झाली. आर्डिस दर गुरुवारी येत राहिली. विणकाम तिला येत नव्हतं, म्हणून बटाटे घेऊन यायची आणि सोलत बसायची. मार्लिसकडे त्या हिवाळ्यात इतके बटाटे सोलले गेले, की सांगता सोय नाही.

ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपासकाळ असतो. त्यातल्या दर बुधवारी आमच्या तळघरात सूप आणि पाव, आणि मग वर लहानशी उपासना. अशा एका बुधवारी, रॉलीला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा, मार्लिस मला घेऊन जिना उतरली. मी रिकामी नव्हते. खिमा, शेंगा, वर बटाटे, कडा तांबूस. तिने मला ओट्यावर ठेवलं. बायकांनी "ये" म्हटलं नाही, "बरं झालं आलीस" म्हटलं नाही. एकीने सरकून जागा केली आणि एकीने तिच्या हातात कॉफी दिली. तेव्हा मला त्या न मागायच्या रीतीचं मोल थोडं कळलं.

सगळे वर गेले. मी खाली राहिले, नेहमीप्रमाणे. वर बराच वेळ शांतता होती. मग ऑर्गनच्या बाकाचा कुरकुरण्याचा आवाज आला. वर्षभरात तो आवाज आला नव्हता. आणि सूर सुरू झाला. चुकला. थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा चुकला. हात आखडले होते तिचे. पण माणसं गात राहिली, तिच्या चुकलेल्या सुरांवरून पाय उचलून पुढे गेल्यासारखी. सगळ्यात वर आर्डिसचा बेसूर, खणखणीत आवाज. तिसऱ्या कडव्याला ऑर्गनने गाण्याला गाठलं आणि चौथ्याला गाण्याला उचललं. माझी काच थरथरली. ओट्यावरची सगळी भांडी किणकिणली. आम्ही वर कधी गेलो नाही, पण त्या दिवशी वरचं खाली आलं होतं. मला फार आनंद झाला. तो कसा सांगावा ते मला कळत नाही.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं लोटली. आर्डिस एक्क्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेली. मार्लिसने ऑर्गन वाजवला. एकही सूर चुकला नाही. माझ्या बुडाला आता हेल्गाच्या पट्टीशेजारी आर्डिसची पट्टी आहे. मार्लिसने ती जपून ठेवली होती, तीच पुन्हा चिकटवली. स्वतःचं नाव तिने लावलंच नाही. जागा उरली नाही, म्हणते.

सोमवारी ती मला मांडीवर घेऊन इथे आली. शेजारीण गाडी चालवत होती. वाटभर मार्लिस ओठांतल्या ओठांत शब्द जुळवत होती. रॉलीबद्दल सांगेन, आर्डिसबद्दल सांगेन, खिळ्यांच्या भोकांबद्दल सांगेन. मी सगळं ऐकलं. केंटने दार उघडलं. मार्लिसने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "साडेतीनशेवर अर्धा तास." आणि दोन पायऱ्या उतरून मागे वळली. "भांड्याची घाई नाही हं."

मला हेल्गाची लाज वाटली होती, असं मी म्हणाले ना? आता वाटत नाही.

थांबा, घंटी वाजली. आज गुरुवार. मार्लिसचाच आवाज. ती आत आली. खुर्ची ओढली. नंतर काहीच नाही. ती टेबलावर बोटं फिरवत असणार, ऑर्गनसारखी, आवाज न करता. सवय आहे तिची. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

दार उघडलं, दिवा लागला. दहावी वेळ. केंट माझ्याकडे बघतो आहे. त्याने हात पुढे केला. माझे दोन्ही कान धरले आणि मला टेबलावर आणलं.

"हे ओव्हनमध्ये ठेवायला हवं ना?" त्याचा आवाज घोगरा झाला होता. चार दिवसांत फारसा वापरला नसावा.

"साडेतीनशेवर अर्धा तास," मार्लिस म्हणाली. मग थोडं थांबून, "पण गारही चालतं. माझ्या ओळखीच्या एका बाईने गारच खाल्लं होतं. उभ्यानेच."

केंटने खण उघडला. मोठा चमचा काढला.

मित्रांनो, मी वर काय आहे ते अजून पाहिलेलं नाही आणि आता पाहीन असंही वाटत नाही. पण एवढं मागणं आहे. तुमच्या फडताळात कुणाचं भांडं राहून गेलं असेल, तर ते फोडू नका, टाकू नका, त्यावरचं नाव खरवडू नका. होईल तेव्हा परत करा, भरून करा. आणि तुमचं भांडं कुणाकडे राहिलं असेल, तर ते मागायला जाऊ नका. नुसतं बसायला जा.

केंटने पहिला घास गिळला. डोळे पुसले. मार्लिसची बोटं टेबलावर फिरत राहिली. त्याने चमचा पुन्हा माझ्यात बुडवला.